पहिल्यांदा दुकानात कार्ड खेळायला निघालायसा? मग हे वाचून जावा

मॅजिक, पोकेमॉन, यु-गि-ओ असले कार्डांचे खेळ दुकानात जमून खेळतात, त्याबद्दलचं हे. सगळ्यात आधी एक सांगतो, पैसे खिशातच राहू द्या. मला आठवड्याला दोन-तीन तरी मेसेज येतात, दादा मॅजिक शिकायचंय कुठला बॉक्स मागवू, पोराला पोकेमॉनचं खूळ लागलंय, ऑनलाइन शंभर कार्डांचं पाकीट स्वस्तात दिसतंय, घेऊ का, आणि सगळ्यांना माझं उत्तर एकच की काही घेऊ नका, शुक्रवारी संध्याकाळी सातला कोल्हापुरात आम्ही खेळतो त्या दुकानात या आणि रिकाम्या हातानं या. निम्मे येतच नाहीत. जे येतात त्यातले निम्मे आधीच काहीतरी घेऊन बसलेले असतात. मी पण त्यातलाच होतो, चार हजारांचे बूस्टर पॅक, म्हणजे आत काय निघेल ते माहीत नसलेली बंद पाकिटं, फोडले, ढीगभर कार्डं जमवली आणि पहिल्या दिवशी टेबलाला बसल्यावर कळलं की ह्या ढिगातनं एक धड डेक, म्हणजे खेळायचा कार्डांचा गठ्ठा, होत नाही. पॅकमधनं जे निघतं ते नशिबाचं, डेकला ठरावीक कार्डं लागतात आणि ती सुटी विकत मिळतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय.

हे नेमकं असतं काय

कुस्तीच्या भाषेत सांगितलं की कोल्हापुरात पटकन डोक्यात बसतं. घरी भावाबरोबर खेळणं म्हणजे तालमीतला जोर. दुकानातला शुक्रवार म्हणजे गावच्या जत्रेतलं मैदान, तिथं जोड लागते, वेळ ठरलेली असते, पंच असतो, आणि निकाल कुठंतरी लिहिला जातो. ह्या मैदानाचा आराखडा गेम काढणारी कंपनी देते, म्हणजे नियम, तारखा, बक्षिसाची खास कार्डं, जोड्या लावायचं सॉफ्टवेअर, आणि दुकानदार देतो टेबलं, पंखा आणि उशिरापर्यंत उघडं ठेवलेलं शटर. ह्यालाच ऑर्गनाइज्ड प्ले म्हणतात.

प्रत्येक गेमचं नाव वेगळं. मॅजिक द गॅदरिंग १९९३ ला आलं, विझर्ड्स ऑफ द कोस्टचं, त्यांच्या दुकानांच्या जाळ्याला विझर्ड्स प्ले नेटवर्क म्हणतात आणि दर शुक्रवारच्या खेळाला फ्रायडे नाइट मॅजिक, तोंडात एफएनएम. पोकेमॉनवाल्यांचं प्ले पोकेमॉन, त्यात दुकानातली लीग, मग लीग चॅलेंज, लीग कप, पुढं रीजनल असं चढत जातं. यु-गि-ओ कोनामीचं, त्यांच्या मान्यताप्राप्त दुकानाला ओटीएस (ऑफिशियल टूर्नामेंट स्टोअर) म्हणतात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा कार्डांचा नाही, पात्र घेऊन गोष्ट खेळायचा गेम, त्याचं ॲडव्हेंचरर्स लीग, त्याबद्दल खाली थोडंसं.

दुकान कसं शोधायचं

कंपन्यांच्या साइटवर दुकान शोधायचा नकाशा असतो, त्यात कोल्हापूर टाका, काही दिसलं नाही तर अंतर वाढवून सांगली, बेळगाव, पुणे असं बघत जावा. नकाशावर दिसलं म्हणून गाडीला किक मारू नका, आधी फोन. फोनवर चारच गोष्टी विचारायच्या: ह्या आठवड्यात कुठला गेम आहे, कुठला फॉरमॅट (म्हणजे कुठली कार्डं आणि कुठले नियम चालतात), एन्ट्री किती आणि खेळायला डेक उसना मिळेल का. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण उसना डेक ठेवणारा दुकानदार म्हणजे नवीन माणसाची कदर असलेला दुकानदार.

आता आमचं खरं सांगतो. आम्ही बसतो ते राजारामपुरीत एका खेळणी-स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, मालकांना सगळे काका म्हणतात, आणि आमचा शुक्रवार कंपनीकडं नोंदलेला नाही. मॅजिकचं कम्पॅनियन नावाचं फुकट ॲप आहे, त्यात घरगुती स्पर्धा पण लावता येते, एकानं तयार करायची, बाकीच्यांनी कोड टाकून आत यायचं, ॲप जोड्या लावतं. एन्ट्रीच्या पैशातनं पॅक आणतो तेच बक्षीस. नोंदलेल्या स्पर्धेत ह्याच्यापेक्षा जास्त काय मिळतं तर कंपनीची प्रोमो कार्डं आणि काही गेममध्ये पुढच्या मोठ्या स्पर्धांसाठी पॉइंट, त्यासाठी आमच्यातली चार-पाच पोरं पुण्याला जातात. पण खेळायची शिस्त दोन्हीकडं सारखीच. हितं शिकलेलं तिथं चालतं.

खातं आधीच काढून ठेवा

हे घरी वायफायवर बसून करा, दुकानात रांग लावून नको. मॅजिकला ईमेलवर विझर्ड्सचं खातं. जुनी मंडळी डीसीआय नंबर म्हणतील, तो जुना खेळाडू नंबर, ते २०२० ला बंद झालं, तुम्हाला गरज नाही. पोकेमॉनला प्लेयर आयडी लागतो, आणि लहान मुलाचं खातं आई-बापालाच काढून द्यावं लागतं, त्यात जन्मतारीख खरी टाका कारण ज्युनियर, सीनियर, मास्टर असे वयोगट जन्मसालावर ठरतात. एका बाबांनी पोराचं खातं स्वतःच्या जन्मतारखेवर काढलं आणि सातवीतलं पोरगं मास्टरमध्ये, म्हणजे मोठ्यांच्या गटात, जाऊन बसलं, ते निस्तरायला नंतर किती मेल करावे लागले ते त्यांनाच विचारा.

घरी शिकायचं असेल तर मॅजिकला अरीना, पोकेमॉनला टीसीजी लाइव्ह, यु-गि-ओला मास्टर ड्युएल, तिन्ही सुरू करायला फुकट. पण पोकेमॉन पॉकेट खेळून येणाऱ्यांनो जरा इकडं लक्ष द्या, ते ॲप भारी असलं तरी तो गेम वेगळा आहे, त्यात २० कार्डांचा डेक आणि तीन पॉइंटला निकाल, हल्ल्याला लागणारी एनर्जी आपोआप मिळते, आणि टेबलावर ६० कार्डांचा डेक, सहा प्राइझ कार्डं (समोरच्याचा पोकेमॉन पाडला की उचलायची), एनर्जी डेकमध्येच घालावी लागते. पॉकेटमधला मोठा खेळाडू टेबलावर दोन टर्नमध्ये (पाळ्यांत) गोंधळलेला मी स्वतः बघितलाय.

पहिल्या दिवशी सोबत काय

वही-पेन. बास. लाइफ, म्हणजे तुमचा किती जीव उरलाय तो आकडा, कागदावर लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, फाशावर ठेवली की कुणाचा तरी हात लागतो आणि मग १४ होते की ११ ह्यावर वाद. वाद झाला की कागदाचं ऐकलं जातं.

डेक आणायचाच असेल तर स्लीव्हमध्ये (एकेका कार्डाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात) घालून आणा आणि इथं एक गोष्ट जी दुकानदार पण कधीकधी चुकवतो: मॅजिक आणि पोकेमॉनचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर, यु-गि-ओचं ५९ बाय ८६, म्हणजे बारकं. मोठ्या स्लीव्हमध्ये बारकं कार्ड घातलं की ते आत घसरतं, शफल करताना, म्हणजे पिसताना, लई वैताग येतो. यु-गि-ओसाठी जपानी साइझ म्हणून मागायचं. सगळ्या स्लीव्ह एकाच रंगाच्या आणि सारख्याच झिजलेल्या हव्यात, एक फाटली म्हणून तेवढी एकच कोरी घातली तर ते कार्ड उलटं असतानाही ओळखू येतं, त्याला मार्क्ड कार्ड म्हणतात आणि मुद्दाम केलं नसलं तरी शंका येते. म्हणून जास्तीच्या पाच-सहा जुन्या स्लीव्ह खिशात.

आणि आपल्या हवेचं. जूनपासून कोल्हापूरची जी हवा असते त्यात चकचकीत फॉइल कार्ड दोन दिवसात पन्हाळीच्या कौलासारखं वाकतं. वाकलेलं फॉइल डेकमध्ये लगेच दिसतं, मग परत तोच मार्क्डचा प्रश्न. मी पावसाळ्यात डेकमध्ये फॉइल घालतच नाही, आणि बाकीची कार्डं बुटाच्या खोक्यातली सिलिकाची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात. २०१९ च्या पुरानंतर आमच्यात कुणीच कार्डं खालच्या कप्प्यात ठेवत नाही, हे वेगळं सांगायला नको.

सोनेरी कार्डांची गोष्ट

चौथी-पाचवीतलं एक पोरगं आलं, कंपासपेटीत कार्डं घेऊन. उघडली तर सगळी सोनेरी, प्लॅस्टिकची, एकावर एचपी (पोकेमॉनचा जीव) हजाराच्या पुढं. जत्रेतनं घेतलेली. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की कुणाला तोंड उघडवेना. शेवटी काकांनी त्याच्यासमोर बसून एकेक कार्ड हातात घेऊन कौतुक केलं, हे लई भारी आहे, हे घरी जपून ठेव, खेळायला आपण हा दुसरा डेक घेऊ, आणि उसना डेक पुढं केला. त्या दिवशी पोरगं तिन्ही मॅच हरलं आणि पुढच्या शुक्रवारी पावणेसातला जिन्यात उभं होतं.

सोनेरी, चंदेरी, काळी प्लॅस्टिकची जी पाकिटं स्टेशनरीत आणि जत्रेत लटकवलेली असतात ती नकली. ती खेळात चालत नाहीत. नकलीमधे पण हुशार प्रकार असतात, कागदीच, लांबनं अस्सल दिसणारे. ओळखायचं असं, पाठीचा निळा रंग खऱ्या कार्डाशेजारी ठेवून बघा, नकलीचा फिकट नाहीतर जांभळट असतो. पोकेमॉन शब्दातल्या इंग्रजी ई वर तिरकी रेघ आहे का बघा, बऱ्याचदा ती गायब असते. आणि मोबाइलचा टॉर्च कार्डामागं धरा, खऱ्या कार्डाच्या आत काळसर थर असतो त्यामुळं उजेड कमी येतो, नकली कंदिलासारखं उजळतं. मला पण एका ऑनलाइन विक्रेत्यानं असा अख्खा डेक चिकटवलाय, पैसे परत मिळाले नाहीत, त्या डेकचे आता बुकमार्क झालेत.

अस्सल असूनही न चालणारी कार्डं असतात ती वेगळी. पोकेमॉन कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटं इंग्रजी अक्षर असतं, स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये, जिथं फक्त अलीकडची कार्डं चालतात, कुठली अक्षरं चालू आहेत ते कंपनी जाहीर करते, जुनी अक्षरं बाहेर पडत जातात. मॅजिकच्या स्टँडर्डला पण मुदत असते, २०२३ ला ती वाढवून तीन वर्षं केली. स्वस्तात मिळतंय म्हणून कुणाचा जुना डेक उचलायच्या आधी हे बघा, स्वस्त असायचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आणि झेरॉक्स काढून स्लीव्हमध्ये घातलेलं कार्ड, ज्याला प्रॉक्सी म्हणतात, ते मित्रांत चालतं, नोंदलेल्या स्पर्धेत नाही.

पहिली स्पर्धा कुठली खेळायची

माझं मत विचाराल तर प्रीरिलीज. नवीन सेट, म्हणजे कार्डांची नवी मालिका, बाजारात यायच्या जरा आधी दुकानात हा खेळ होतो आणि तिथं घरनं डेक आणायचाच नसतो. मॅजिकमध्ये प्रत्येकाला सहा पॅकचा किट मिळतो, तो तिथंच फोडून किमान ४० कार्डांचा डेक बांधायचा, त्यात साधारण १७ लँड (बाकीची कार्डं खेळायची ताकद देणारी कार्डं), लँड दुकान देतं. पोकेमॉनमध्ये एक बॉक्स मिळतो, त्यात ४० कार्डांचा तयार डेक आणि चार पॅक असतात, पॅकमधलं चांगलं निघालेलं घालून डेक सुधारायचा आणि सहाऐवजी चार प्राइझ कार्डांवर खेळायचं. दहा वर्षं खेळणारा आणि तुम्ही, दोघांनी ती कार्डं पहिल्यांदाच बघितलेली असतात. शेजारच्याला विचारायला पण लाज वाटत नाही कारण तो पण वाचतच असतो. आणि फोडलेली कार्डं तुमचीच राहतात.

प्रीरिलीज जवळ नसेल तर कमांडरच्या, म्हणजे मॅजिकच्याच एका प्रकाराच्या, टेबलाला बसा, १०० कार्डांचा डेक, बेसिक लँड सोडून प्रत्येक कार्ड एकदाच, ४० लाइफ, चारजण. ते सावकाश चालतं, गप्पा मारत. मात्र एक सावध करतो, चारजणांच्या खेळात नवीन माणसाला कुणी मारत नाही म्हणून तीन तास टिकता आणि वाटतं आपल्याला जमलं. तसं नसतं ते.

संध्याकाळ कशी जाते

सातला नाव लिहायचं. सव्वासातला ॲपवर नाहीतर भिंतीवरच्या कागदावर जोड्या लागतात, नावापुढचा टेबल नंबर बघून बसायचं, समोरच्याला नाव सांगायचं, हात मिळवायचा. डेक शफल करून समोरच्यापुढं ठेवायचा, तो कापेल किंवा परत शफल करेल, हा अपमान नाही, नियम आहे, तुम्ही पण त्याचा कापा.

जोड्या लावायच्या पद्धतीला स्विस म्हणतात, १८९५ ला झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्यांदा वापरली म्हणून ते नाव. हरला की घरी असं इथं नसतं. पहिली फेरी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, दुसऱ्या फेरीपासून जिंकलेल्याची जोड जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी, म्हणजे वस्तादानं तुल्यबळ जोड लावावी तसं. जिंकला तर ३ गुण, बरोबरीत सुटली तर १, हरला तर ०. आठजणांत तीन फेऱ्या, सोळापर्यंत चार. सगळे शेवटच्या फेरीपर्यंत खेळतात, आणि नवीन माणसासाठी गंमत ही की पहिल्या दोन हरलात तर तिसरी फेरी तुमच्यासारख्याच दोन हरलेल्याशी, तिथं तुमची पहिली जिंकलेली मॅच निघते. माझी निघायला तीन शुक्रवार लागले. माणसं विषम असली तर एकाला बाय मिळतो, न खेळता ३ गुण, तेव्हा खाली जाऊन चहा मारून यायचा. गुण सारखे झाले तर तुमचे प्रतिस्पर्धी कसे खेळले त्यावर वर-खाली ठरतं, म्हणून तुम्हाला हरवणाऱ्याला पण पुढच्या फेरीत मनापासून ऑल द बेस्ट म्हणा, त्यात तुमचा स्वार्थ आहे.

मॅजिकची फेरी ५० मिनिटांची, तीनपैकी दोन डाव. वेळ संपली की चालू टर्न पुरा करून अजून पाच टर्न, तोवर निकाल नाही लागला तर बरोबरी. आता ह्या बरोबरीवरच नवीन पोरं सगळ्यात मोठा घोळ घालतात. वेळ संपली, दोघांना गुण हवेत, मग एकजण हसत म्हणतो चल छापा-काटा करू. गल्लीत चालतं, इथं नाही. नाणं टाकून, फासा टाकून निकाल ठरवणं किंवा तू सोड मी तुला पॅक देतो असं म्हणणं हे नियमाविरुद्ध आहे, मॅच जाते, स्पर्धेतनं बाहेर पण काढतात, आणि थट्टेत म्हटलं होतं हे तेव्हा कुणी ऐकत नाही. कुस्ती निकाली झाली नाही तर बरोबरीत सोडायची, विषय संपला.

काही अडलं, कार्ड समजलं नाही, समोरच्यानं दोन कार्डं जास्त ओढली असं वाटलं, तर हात वर करून मोठ्यानं जज म्हणा, म्हणजे पंच येतो. आपल्याकडं जज बोलावणं म्हणजे तक्रार केली असं वाटतं, लोक बिचकतात, आणि मग घरी जाऊन ग्रुपवर भांडतात. चूक झालेल्या क्षणी सांगितली तर सुटते, चार टर्ननंतर कुणाच्याच हातात काही राहत नाही. स्वतःची चूक झाली तरी स्वतःच बोलवा.

हात, खाणं, ट्रेड

मिसळ खाऊन येणार असाल तर साबणानं हात धुवून या. पाण्यानं नुसते खळबळून चालत नाही. आमच्यात एकाच्या पांढऱ्या प्लेमॅटवर कटाचा अंगठा उमटलाय, अख्खा, रेषा मोजता येतील असा, तीन वर्षं झाली तो जात नाही. टेबलावर भडंग नाही, वडा नाही, चहा खुर्चीखाली.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात बाइंडर (कार्डांचे अल्बम) उघडतात, ट्रेड, म्हणजे कार्डांची अदलाबदल, चालतो. पहिला महिना फक्त बघा. करायचाच तर दोघांनी मोबाइलवर भाव बघून, घाई करणाऱ्याशी नाही. आणि मोठ्यांनी लहान पोराशी ट्रेड करताना त्याच्या घरच्याला विचारल्याशिवाय करू नये, आमच्याकडं हा नियम काकांचा आहे आणि तो मोडणाऱ्याला परत जिना चढू देत नाहीत. बॅगेची चेन लावून ठेवा, डेकवर नाव-नंबर लिहा.

ज्यांना कार्डं नकोत, गोष्ट हवीय, त्यांच्यासाठी ॲडव्हेंचरर्स लीग. गोष्ट चालवणारा एक डन्जन मास्टर, तीन ते सात खेळाडू, पहिल्या लेव्हलचं पात्र लीगच्या नियमानं बनवून आणायचं. ते पात्र तुमचं, इथं खेळवा नाहीतर दुसऱ्या गावातल्या लीगच्या टेबलावर. फक्त रात्र मोकळी ठेवा, ते वेळेत संपत नाही.

घरच्यांचं काय

नववीतल्या एकाची आई एकदा तडक जिना चढून वर आली, जुगार चाललाय काय हितं म्हणून. बरोबर आहे की, पोरगं पत्ते खेळायला जातो एवढंच सांगून गेलेलं. काकांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, पैसे लावणं नियमातच बसत नाही, बक्षीस म्हणून कार्डांचं पाकीट मिळतं हे दाखवलं. बाई दोन फेऱ्या बसल्या आणि जाताना पोराला म्हणाल्या, अरे ते बरं करायचं कार्ड मगापासनं हातात होतं की तुझ्या, टाकलं का नाहीस? होतंच. आम्ही सगळ्यांनी बघितलेलं, बोलता येत नव्हतं, कारण चालू मॅचमध्ये बाहेरच्यानं सांगायचं नसतं. तर घरी 'पत्ते' म्हणू नका, एकदा आणून दाखवा.

चार शुक्रवार झाले की मग खिशात हात घाला. तोवर तुम्हाला कळलेलं असतं की तुम्हाला मारायला आवडतं का अडवायला. मॅजिकला तयार कमांडर डेक, पोकेमॉनला लीग बॅटल डेक, यु-गि-ओला एकच स्ट्रक्चर डेक (त्यांचा तयार डेक) तीनदा घ्यायचा आणि तिन्ही मिळून एक बांधायचा, हे ऐकायला येडेपणा वाटतो पण एका कार्डाच्या तीन प्रतीच चालतात आणि त्या तशाच मिळतात. बाकीची कार्डं सुटी. पॅक वाढदिवसाला.

यायचं असेल तर पावणेसातला या, गाडी मागच्या बोळात लावा, पुढं लावली की शेजारचे मेडिकलवाले ओरडतात. जिन्याचं बटण डाव्या हाताला आहे, लाइट लावूनच वर या, चौथ्या पायरीची फरशी फुटलीय.